भीतीचा भाव

कुमठेकर रस्त्यावरचा पुणे शेअर बाजार २०१५ मध्ये रीतसर गुंडाळला गेला, पण पुणेकरांचा सट्टा काही थांबला नाही. तो मोबाइलवर आला, आणि शेअर सोडून ऑप्शन्सकडे वळला. तिथे पैसा नुसत्या तेजी-मंदीवर लागत नाही. बाजार किती हेलकावे खाईल, या अंदाजाचीही किंमत प्रीमियममध्ये, म्हणजे ऑप्शनच्या भावात, मोजावी लागते. निफ्टीच्या ऑप्शन्सच्या भावांवरून निघणारा इंडिया व्हीआयएक्स हाच अंदाज सांगतो. तो १५ असेल, तर रोजची हालचाल ढोबळमानाने एक टक्क्याच्या आसपास. वर की खाली, हे मात्र तो सांगत नाही.

४ जून २०२४ आठवावा. लोकसभेच्या निकालाने निफ्टी सुमारे सहा टक्के कोसळला. त्या दिवशी घाबरून पुट, म्हणजे बाजार पडला तर फायदा देणारे ऑप्शन, घेणाऱ्यांनी भीती चढ्या भावाने विकत घेतली. दुसऱ्या दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक सावरला, व्हीआयएक्सही २० च्या खाली उतरला. पुट घेणाऱ्यांना दुहेरी फटका बसला!

२०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांनी पैसे गमावले, असे बाजार नियामक ‘सेबी’चाच अभ्यास सांगतो. त्यानंतर ‘सेबी’ने करारांचा आकार वाढवला, साप्ताहिक मुदतपूर्ती घटवली. हे योग्यच झाले. आता खरेदीचे बटण दाबण्यापूर्वी प्रीमियममधला किती भाग निव्वळ अपेक्षित अस्थिरतेचा आहे, ते ब्रोकरने पडद्यावर मराठीत दाखवावे.