टोक धरून की टोक सोडून?

दरवर्षी खंडेनवमीला मी भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जाते. मालक माझा विद्यार्थी. आठवी ते दहावी त्याला मी मराठी आणि इतिहास शिकवला. आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत, पण मी दारात दिसले की हातातले काम टाकून "बाई, आलात?" म्हणत पुढे येतो. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, मग पेढा आणि चहा. गेल्या खंडेनवमीला मात्र पूजेच्या वेळी एक पोरगा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता आणि मालकाचाही चेहरा उतरलेला होता. काय झाले ते मला हळूहळू कळले. त्याविषयी लिहावेसे वाटले, कारण त्या प्रकरणात माझाही थोडा हात आहे अशी माझी समजूत झाली आहे.

तिथे कार्बाइडची ड्रिल बनवतात. मी बी.ए. झालेली बाई, तेही मराठी माध्यमातून, तेव्हा मला यातले काय कळणार? पण इतकी वर्षे जाऊन जाऊन थोडे कळायला लागले आहे. कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून, दाबून, सुमारे १४०० अंशांच्या भट्टीत पक्की केलेली. हातात घेतली तर तेवढ्याच लोखंडी कांडीच्या जवळजवळ दुप्पट वजन लागते. जुने कामगार तिला 'विडिया' म्हणतात. हा शब्द कुठला म्हणून मी बरेच दिवस कुतूहलाने विचारत होते. तो निघाला जर्मन. क्रुप कंपनीने १९२० च्या दशकात हा माल बाजारात आणला तेव्हा 'हिऱ्यासारखे' या अर्थाच्या 'वी दिआमांट' या दोन शब्दांतून ते नाव घडवले. जर्मनीतून निघालेला शब्द भोसरीच्या टपरीवर चहा पिताना ऐकू येतो, आणि कोणालाही तो परका वाटत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

विडिया इतकी कठीण की तिला घासायला हिऱ्याच्या कणांचे व्हील लागते. गुळगुळीत रॉड मशीनच्या कोलेटमध्ये धरायचा. मशीन आधी एका बारीक प्रोबने त्याला स्पर्श करून तो नेमका कुठे आहे हे पाहून घेते. मग तेलाच्या धारेखाली व्हील फिरत येते आणि रॉडही स्वतःभोवती फिरत पुढे सरकतो, त्यातून पिळाचे खोबण पडते. त्याला ते फ्लूट म्हणतात. चांगल्या रॉडमध्ये तेल जाण्यासाठी दोन बारीक भोके आधीच पिळाने नेलेली असतात. फ्लूटचा पीळ त्या भोकांच्या पिळाशी जुळला नाही तर भोक मधेच फुटते. त्यानंतर बाजूचे मार्जिन, पुढचे टोक, टोकाच्या मधला जाड भाग पातळ करणे, आणि ग्राहकाने मागितली असेल तर पायरी, म्हणजे स्टेप. एकाच ड्रिलने आधी लहान भोक, मग मोठे, आणि मधे तिरपी कड अशी तीन कामे एका दमात व्हावीत म्हणून असे ड्रिल मुद्दाम करून घेतात. दुकानात ते तयार मिळत नाही.

सगळ्यात नवल मला शेवटच्या कामाचे वाटते. एवढी धार काढल्यावर ती मुद्दाम किंचित बोथट करतात. अगदी किंचित, मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी. विडिया कठीण खरी, पण ठिसूळ. कोरी धार पहिल्याच भोकाला तुटून पडते. वर्गात फार हुशारी दाखवणारी मुले मला त्या वेळी आठवली, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता झालेली गोष्ट सांगते. एका ग्राहकाने अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगसाठी बारा स्टेप ड्रिल मागितली. पुढचा भाग ८ मिलिमीटर व्यासाचा, टोकाचा कोन १४० अंश, पायरीपर्यंतची लांबी ३० मिलिमीटर. ड्रिलचे टोक सपाट नसते, शंकूसारखे असते. मग ही ३० मिलिमीटर कुठून मोजायची? अगदी टोकाच्या बिंदूपासून, की शंकू संपून पूर्ण व्यास सुरू होतो त्या कोपऱ्यापासून? ८ व्यास आणि १४० अंश असेल तर या दोहोंत जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक पडतो. मालकाने मला कागदावर मांडून दाखवले, १.४६ येतो. ड्रॉइंगमधला बाण नीट कळत नव्हता. मात्र खाली बारीक इंग्रजीत एक ओळ होती की लांबी टोकासकट धरावी.

पोराने ती ओळ पाहिली. त्याला ती पुरती कळली नाही. तो मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आयटीआय करून आलेला, हाताने आणि डोक्याने उत्तम. मशीनच्या पडद्यावरची इंग्रजी चित्रे आणि खुणा त्याने पाठ करून टाकल्या आहेत. पण वाक्य आले की अडतो. त्याने नेहमीच्या सवयीने कोपऱ्यापासून ३० धरले. पुढचा भाग दीड मिलिमीटर लांब झाला. मोजणाऱ्याने कॅमेऱ्याखाली तेच धरून मायक्रॉनपर्यंत मोजले आणि मालकाने रिपोर्टवर सही केली. चूक होती, पण अगदी अचूक मोजलेली चूक होती.

ग्राहकाकडे पायरीची खोली बरोबर आली, तिरपी कड बरोबर आली, म्हणून त्यांनी काम सुरू केले. टोक मात्र आत दीड मिलिमीटर खोल जात राहिले आणि शेजारच्या तेलाच्या मार्गाची पातळ भिंत फुटत राहिली. गळती तपासताना हे उघडकीला आले, तोवर चाळीस कास्टिंग भंगारात गेली होती. ड्रिल वाचली, त्यांचे टोक मागे घेऊन पुन्हा धार लावता आली. कास्टिंग कशी वाचणार? त्यांचे पैसे भरून द्यावे लागले. त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रणे आणल्यापासून रॉडचा भाव चढलेला. मालक चिडला आणि त्याने पोराचा पगार कापला.

मी पोराला बाजूला घेऊन विचारले, "अरे, ओळ कळली नाही तर विचारलं का नाहीस?"

तो म्हणाला, "मॅडम, एवढंही येत नाही का, असं म्हणतील म्हणून."

मला हे उत्तर पस्तीस वर्षे वर्गात ऐकू येत होते, फक्त कोणी ते तोंडाने बोलत नव्हते. न कळलेले विचारायची लाज मूल जन्माला येताना घेऊन येत नाही. ती आम्ही शिकवतो, शाळेत.

मालकाला मी म्हटले, "सही तुझीही होती ना? मग पगार एकट्याचा का कापलास?"

तो हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही नव्हता का मार्क कापत? माझा निबंध आठवतोय?"

मला आठवत नव्हता. त्याला आठवत होता. 'माझे वडील' असा विषय होता. त्याचे वडील कंपनीत कामाला. त्याने लिहिले होते, 'माझे वडील जॉबला ड्रिल मारतात.' मी लाल शाईने ते खोडून वर लिहिले, 'यंत्राने छिद्रे पाडतात', आणि वर्गात वाचून दाखवले. मुले हसली होती.

"बाई," तो म्हणाला, "ड्रिल मारणं आणि छिद्र पाडणं एक नव्हे. छिद्र पंचनंही पडतं. माझं वाक्य बरोबर होतं."

त्याचे वाक्य बरोबर होते. माझे नुसते शुद्ध होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडे मराठीतून तांत्रिक ज्ञान द्यायचे म्हटले की दोन टोकाच्या गोष्टी होतात. एक पक्ष म्हणतो, सगळे इंग्रजीतच शिका, जगाची भाषा ती आहे. दुसरा पक्ष, ज्यात मी आयुष्यभर होते, प्रत्येक वस्तूला संस्कृत नाव शोधत बसतो. परिभाषा कोशांचे काम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे, प्रशासनाला आणि विद्यापीठांना ते हवेच. पण मशीनवर उभ्या असलेल्या पोराला फ्लूट आणि मार्जिन हे शब्द कधीच जड गेलेले नाहीत. जसा त्याच्या आधीच्या पिढीला विडिया जड गेला नाही. शब्द परका असला तरी वस्तू रोज हातात असते, त्यामुळे तो आपला होतो. जड जाते ते वाक्य. कुठून मोजायचे, आधी काय करायचे, काय झाले तर थांबायचे, हे सगळे वाक्यात असते. 'लांबी टोक धरून' किंवा 'लांबी टोक सोडून' एवढे तीन शब्द त्या कागदावर कोणी पेनाने लिहिले असते तर चाळीस कास्टिंग वाचली असती.

म्हणून माझे मत असे झाले आहे की शब्द हवे तर इंग्रजी राहू द्या, वाक्य मात्र काम करणाऱ्याच्या भाषेत हवे, आणि ते कागदावर हवे. मालकाने यावर हरकत घेतली. ग्राहकाची ड्रॉइंग इंग्रजीत येणार, मशीनचे पुस्तक इंग्रजीत, मग पोरांना इंग्रजीच शिकवलेले बरे नाही का? शिकवा की. मीही शिकवायला तयार आहे. पण ते येईस्तोवर दोन वर्षे जातील, आणि ड्रिल उद्या सकाळी घासायचे आहे. शिवाय दुसरी एक गोष्ट आहे. मालकाच्या हातात चाळीस वर्षांचे जे ज्ञान आहे ते कुठल्याच भाषेत लिहिलेले नाही. बेंच ग्राइंडरच्या हिरव्या व्हीलवर विडियाची टिप हाताने घासण्यापासून त्याने सुरुवात केली. व्हीलचा आवाज बदलला की त्याला कळते. उद्या तो थांबला की ते सगळे त्याच्याबरोबर घरी जाईल. 'सीएनसी म्हणजे काय, बटण दाबायचे' असे म्हणणाऱ्या लोकांनी एक दिवस तिथे उभे राहून पाहावे. बटण कोणीही दाबेल. कुठले व्हील, किती वेगाने, आणि ३० कुठून, हे बटणाला माहीत नसते.

तर आता आम्ही वही सुरू केली आहे. महिन्यातून एक शनिवार मी जाते. तो पोरगा आणि त्याचे दोन सोबती बोलतात, मालक मधे मधे दुरुस्त करतो, मी लिहून घेते. दोनशे पानी वहीची एकतीस पाने झाली आहेत. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे, 'लांबी टोक धरून की टोक सोडून, हे विचारल्याशिवाय स्टेप ड्रिल चढवायचे नाही.' मी लाल पेन नेत नाही. 'ड्रिल मारणे', 'व्हील ड्रेस करणे', 'रनआउट खाणे' असे ते म्हणतात तसेच उतरवते. परवा एकाने विचारले, "मॅडम, हे शुद्ध आहे का?" मी म्हटले, "बरोबर आहे का ते सांग."

तो ग्राहक अजून परत आलेला नाही. पोराचा कापलेला पगारही मालकाने अजून दिलेला नाही. दर शनिवारी निघताना मी त्याला त्याची आठवण करून देते. तो म्हणतो, "बघू, बाई." शाळेत गृहपाठ राहिला की तो असेच म्हणायचा. मीही तेव्हासारखीच पुन्हा विचारणार आहे.