गणपूर्तीअभावी तहकूब

ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ हे वाक्य वारंवार आढळते. त्याच्याइतके निरुपद्रवी दिसणारे आणि त्याच्याइतके घातक वाक्य त्या दप्तरात दुसरे क्वचितच असेल. गावकारभारातील पुष्कळसे दोष या एका वाक्याच्या आड सुखाने नांदत असतात, असे आमचे मत आहे. आणि त्या दोषांचे उत्तरदायित्व सरपंचाहून तुम्हां-आम्हां शिकल्यासवरल्या मंडळींवर अधिक आहे, असेही आमचे म्हणणे आहे. हे विधान कित्येकांस कटू लागेल. म्हणून त्याची कारणे क्रमाने सांगणे प्राप्त आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. 24 एप्रिल 1993 पासून अंमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस राज्यघटनेत स्थान दिले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण या सभेचा सभासद. त्यास कोणी निवडून द्यावे लागत नाही. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून निदान चार सभा भरल्या पाहिजेत, आणि नियमित सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे. गणपूर्तीस मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100 माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे पाच हजार मतदारांच्या गावात शंभरांतून दोघे आले की कायद्याचे समाधान झाले! इतकी माफक अपेक्षाही पुरी होत नाही तेव्हा सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरते त्या वेळी गणपूर्तीची अटच उरत नाही. मग पाचपंचवीस माणसे विकासाचा आराखडा, लाभार्थ्यांची यादी आणि खर्चाचे हिशेब घटकाभरात मंजूर करून मोकळी होतात. यात बेकायदा काहीच नसते, हीच तर त्यातील खरी मेख आहे.

आता संगमनेरच्या परिसराकडे वळू. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले, शाहीर अनंत फंदींचे हे गाव केव्हाच आपली जुनी वेस ओलांडून गेले आहे. घुलेवाडी, गुंजाळवाडी अशी लगतची गावे शहराशी जवळजवळ एकजीव झाली आहेत. शहराच्या कडेची अशी गावे आज महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. तेथे शेतांचे प्लॉट होतात, प्लॉटांवर बंगले उठतात, आणि लगेच प्रश्न उभे राहतात. सांडपाणी कोणत्या ओढ्यात सोडावयाचे? कचरा कोठे टाकावयाचा? मुलांच्या खेळासाठी राखलेली जागा मोकळीच राहील काय? गायरानाचे काय होणार? हे प्रश्न मांडण्याची पहिली जागा ग्रामसभा होय. परंतु अशा वसाहतींतील प्राध्यापक, वकील, डॉक्टर घरपट्टी ग्रामपंचायतीत भरतात, मतही तेथेच देतात, आणि स्वतःस मात्र शहरवासी समजतात. गटाराची दुर्गंधी दारापर्यंत आली म्हणजे ग्रामपंचायतीस शिव्या देण्यात ते आघाडीवर. सभेची नोटीस लागली म्हणजे ‘आम्ही त्या गावकीच्या राजकारणात पडत नाही’ हे उत्तर तयार! आपण ज्यात पडत नाही ते आपल्यावाचून थांबत नाही, एवढेही या विद्वानांच्या ध्यानात येऊ नये काय?

यावर पहिला आक्षेप असा, की निवडून दिलेले सरपंच आणि सदस्य असता गावाने सभेत बसण्याचे प्रयोजन काय? सरपंच थेट मतदारांनी निवडावा की सदस्यांनी, या वादात राज्य सरकारने 2017 साली एक निर्णय केला, 2020 साली तो फिरवला आणि 2022 साली पुन्हा पहिल्यावर आणला. या वादावर गावोगावी चर्चा झडल्या. पण सरपंच कोणत्याही मार्गाने आला तरी त्याला जाब विचारणारी सभा रिकामीच असेल तर फरक तो काय पडणार? शहरांतील अनुभव याहून वेगळा नाही. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती 2021-22 च्या सुमारास संपल्या आणि निवडणुका 2025 च्या डिसेंबरापर्यंत लांबल्या. इतकी वर्षे प्रशासकांनी कारभार हाकला. सुशिक्षित नागरिकांची झोप त्यामुळे फारशी उडाल्याचे दिसले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गाव हे संकुचितपणाचे आणि जातिभेदाचे आगर आहे, असा कठोर अभिप्राय डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत दिला होता. तो अभिप्राय निराधार होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ग्रामसभा ओस पाडणे हा त्यावरचा उपाय कसा? सभा ओस पडली म्हणजे जे आधीच बलवान आहेत त्यांच्याच बैठकीत गावाचे निर्णय होतात. मजुराची, विधवेची, वस्तीवरल्या कुटुंबाची बाजू उघड बोलली जाण्याची आणि इतिवृत्तात लिहिली जाण्याची जागा ही सभाच आहे. तिच्यापासून दूर राहणारा सज्जन मनुष्य त्या अभिप्रायाचे खंडन करीत नाही, तो खरा करून दाखवतो.

‘हे बोलणे सोपे, पण घडते कोठे?’ असे विचारणाऱ्यांनी याच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे पाहावे. 1989 नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या अवर्षणग्रस्त गावाने ग्रामसभेत बसून स्वतःवर निर्बंध घालून घेतले. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस नको, मोकाट चराई नको, असे ठरले. पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्यावरून पिके ठरवावी, असा परिपाठ पडला. उसाला नाही म्हणणे सोपे नव्हते. तो हुकूम वरून आला असता तर कोर्टकचेऱ्या झाल्या असत्या; गावाने आपल्या तोंडाने म्हटले म्हणून तो टिकला. पुढाऱ्याचे श्रेय मोठे खरे, पण भरलेल्या सभेवाचून त्या पुढाऱ्याने काय केले असते?

आमची मागणी थोडकी आहे. तहकूब सभेसही किमान गणपूर्तीची अट असावी. सभेची वेळ मजुरांच्या व स्त्रियांच्या सोयीची असावी. नोटिशीसोबत खर्चाचे आकडे सोप्या मराठीत लागावेत. सभा न बोलावणाऱ्या सरपंचास पद गमवावे लागू शकते. सभेस न येणाऱ्या मतदारास कायदा काहीच करीत नाही, आणि करू नये. त्याची शिक्षा वेगळी आहे. इतरांनी आपल्या गैरहजेरीत केलेल्या गावात त्याला आणि त्याच्या मुलाबाळांना राहावे लागते.