आधी बेरीज, मग प्लॅन
विश्रांतवाडीतल्या छोट्या दुकानदारांनी वेबसाइट जरूर काढावी. पण ‘अनलिमिटेड’ होस्टिंगला भुलण्याआधी लागणाऱ्या जागेचा हिशेब मांडावा. त्या प्लॅनच्या अटींतही बहुधा फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते. समजा, आळंदी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानाचे 300 फोटो आहेत. मोबाइलमधला फोटो 4 एमबीचा धरला, तर 1200 एमबी झाले. तेच आकार कमी करून 200 केबीवर आणले, की सगळे 60 एमबीत बसतात. मजकुराला जागा नगण्य लागते. व्हिडिओ यूट्यूबवर ठेवावेत. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरला आणि त्याच्या प्लगइनना काहीशे एमबी धरा. खरी जागा खातात ते ईमेल आणि बॅकअप. एवढी बेरीज करून वाढीसाठी दुप्पट धरा. अशा दुकानाला सुरुवातीला दोन-तीन जीबी पुरतात. पैसा कष्टाचा आहे. प्लॅन पुढे वाढवता येतो.