तटापलीकडचे नव्हे, तटाच्या आतले

12 सप्टेंबर 1816 च्या रात्री त्र्यंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. दुसऱ्या बाजीरावाचा हा कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपाखाली तिथे होता, आणि फितुरी होऊ नये म्हणून कंपनी सरकारने पहाऱ्याला गोरे शिपाईच ठेवले होते. त्याच्या खिडकीखाली घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार मराठीत गात असे आणि त्या गाण्यातून पलायनाचा बेत त्याच्यापर्यंत पोचत असे, अशी कथा सांगतात. कथेत मागाहून भर पडली असेल. पण कैदी आणि पहारेकरी यांच्यातला संपर्क तोडला की फितुरीबरोबर माहितीचाही मार्ग बंद होतो, ही तिच्यातली गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

त्याच किल्ल्यात आज ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. त्याची अधिकृत क्षमता 1105 असताना अलीकडच्या वर्षांत तिथे चार हजारांहून अधिक बंदी राहिलेले आहेत. कल्याणच्या आधारवाडी कारागृहाची क्षमता 540 आणि तिथली गर्दीही क्षमतेच्या कितीतरी पट. जुलै 2017 मध्ये आधारवाडीतून दोन न्यायाधीन बंदी तट ओलांडून पळाले, आणि चढण्यासाठी त्यांनी वापरली ती सीसीटीव्हीची केबल. कॅमेरा दृश्य टिपतो, पण ते पाहणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि वेळेत धावून जाणारा माणूस नसेल, तर सुरक्षेच्या साधनाचाच दोर होऊ शकतो.

गर्दी आणि पलायन यांचे नाते सरळ रेषेचे नाही, हे मान्य केले पाहिजे. खच्चून भरलेल्या बराकींत बहुतेक रात्री काहीच घडत नाही. गर्दी घात करते ती अप्रत्यक्षपणे. सहा बंद्यांमागे एक रक्षक हे आदर्श प्रमाण प्रत्यक्षात फार दूर राहिले, की गणती म्हणजे केवळ डोकी मोजणे उरते, झडती उरकली जाते, आणि कोण कोणाजवळ झोपायला सरकला, कोणाची मुलाखत बंद झाली, कोण अचानक अबोल झाला, हे शिपायाला कळेनासे होते. ती जागा मग बराकीतल्या टोळ्या घेतात: जागा, जेवण, संरक्षण त्यांच्या हातून मिळू लागते आणि माहितीही त्यांच्यापाशीच थांबते.

या गर्दीचे मूळ तुरुंगाच्या बाहेर आहे. देशातल्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अद्याप दोषी ठरलेले नाहीत. कैदी पार्टीसाठी, म्हणजे बंद्यांना न्यायालयात नेणाऱ्या पथकासाठी, पोलीस मिळाले नाहीत की तारीख हुकते, आणि तारीख हुकली की मुक्काम लांबतो. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये आहे. पण जामीनदार न मिळणाऱ्या माणसाला कायद्यातला हा दरवाजा दिसतो तो उशिरा, कधी दिसतही नाही. सुटकेचा वैध मार्ग ज्याला अंधूक वाटतो त्याच्या मनात अवैध मार्गाचे गणित बदलते. यात त्याचे समर्थन नाही, कारण मात्र आहे.

हे गणित हिंसेकडे केव्हा वळते? 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीच्या तुरुंगात पहारेकऱ्यांच्याच बंदुका हिसकावून तटावरून उड्या टाकल्या; त्या पाठलागात दोन साथीदार मारले गेले. 31 ऑक्टोबर 2016 च्या पहाटे भोपाळच्या कारागृहातून आठ बंदी पळाले तेव्हा पहाऱ्यावरच्या एका हवालदाराचा खून झाला, आणि ते आठही जण काही तासांत पोलीस चकमकीत मारले गेले. दोन्हींच्या हेतूंची तुलना करणेही अनुचित ठरेल. पण दोन्हीकडे तटाआधी माणूसच पार करावा लागला. हिंसक प्रयत्न अशाच ठिकाणी संभवतो जिथे एकाकी शिपाई हा सर्वांत कमकुवत दुवा असतो.

अशा घटनेनंतर सहसा निलंबने होतात, तट उंचावतो, मुलाखती कमी होतात, बदल्या होतात. त्यातले काही आवश्यकही असते. पण मुलाखत कमी झाली की बंद्याच्या घरची चिंता कळायचा मार्ग बंद होतो, आणि अनुभवी शिपायाच्या बदलीबरोबर बराकीची त्याला असलेली ओळखही निघून जाते. म्हणजे आधीच्या घटनेला वाव देणारे अज्ञानच वाढते. ठाण्यात आणि आधारवाडीत क्षमतेच्या कितीतरी पट माणसे आणि त्यांना न ओळखणारे थोडे रक्षक अशीच रचना राहिली, तर पुढचा प्रयत्न केबलने तट चढण्याचा असेलच असे नाही. तो न्यायालयाच्या वाटेवर असेल, रुग्णालयाच्या वॉर्डात असेल, किंवा संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकटा फेरी मारणाऱ्या शिपायापासून सुरू होईल.