बोटीचा ब्रेकर सारखा पडतो? तो काढू नका!

किनाऱ्यावरून वीज घेतलेल्या बोटीचा ईएलसीबी सारखा पडू लागला की काहीजण तो काढून थेट जोडणी करतात. माझ्या मते हे ताप दाखवणारा थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. साधारण ३० मिलीअँपिअर गळतीला पडून तो जीव वाचवतो. अमेरिकेत गोड्या पाण्याच्या धक्क्यांवर बोटीतून झिरपलेल्या विजेने पोहणाऱ्यांचे स्नायू आखडून ते बुडाले आहेत. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात हा धोका जास्त असतो.

म्हणून सर्व उपकरणांचे प्लग काढा, पाण्यात कोणी नाही याची खात्री करा आणि एकेक लावून पाहा. दोष गिझर, ओला प्लग किंवा चिरलेली केबल, कुठेही असू शकतो. दुरुस्ती इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. कोणी बुडत असेल तर उडी मारू नका. आधी किनाऱ्यावरचा पुरवठा तोडा.