शब्द, सही आणि शपथ

आमच्या घरी दर शनिवारी रात्री चार-पाच तरुणांची बैठक भरते. प्रथम आम्हांस हा पत्त्यांचा अड्डा वाटला. डोकावून पाहतो तो पत्ते नाहीत की सोंगट्या नाहीत. मधोमध वीस पैलूंचा एक फासा, काही कागद, पेन्सिली आणि चिवड्याची ताटली. एक जण कथा सांगत होता आणि बाकीचे त्या कथेतील पात्रे होऊन त्यास उत्तरे देत होते. जो पुतण्या एरवी तीन हाका मारल्यावाचून पानावर येत नाही, तो येथे चिलखत घातलेला धर्मयोद्धा होऊन बसला होता!

चौकशी करता कळले ते असे. या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. खेळाडूने काय करावे हे त्याचे त्याने ठरवावयाचे. साधेल की फसेल हे पुष्कळदा फाशाने ठरवावयाचे. पुढल्याच वर्षी त्यात ‘पॅलडिन’ हा योद्ध्यांचा वर्ग आला. हे नाव शार्लमेन बादशहाच्या दंतकथांमधील बारा सरदारांचे. १९७८ च्या नियमपुस्तकात या पॅलडिनाचे सोवळे फार कडक होते. त्याने जाणूनबुजून दुष्कृत्य केले की त्याचे पॅलडिनपण तत्क्षणी आणि कायमचे गेले. प्रायश्चित्ताचीही सोय नाही.

२०१४ च्या आवृत्तीत हा जाच सैल झाला व त्याच्या जागी शपथ आली. तिसऱ्या पायरीवर पोचलेल्या पॅलडिनाने एक शपथ वाहावयाची आणि तीवरून त्याचा पोटवर्ग ठरावयाचा. मूळ पुस्तकात अशा तीन प्रमुख शपथा आहेत: निष्ठेची, प्राचीनांची आणि सूडाची. पण आपल्या पसंतीचा पोटवर्ग घरीच रचण्याची मुभा ही मंडळी मोकळेपणाने घेतात. आमच्या पुतण्याने रचली ती कराराची शपथ. त्याचा योद्धा दोघांमधील करारास साक्षी राहतो, तो मोडणारास शासन करतो आणि स्वतः कोणत्याही सौद्यात खोटे बोलत नाही.

आम्हांस हसू आले. करारासाठी तलवार उपसणारा धर्मयोद्धा म्हणजे चिलखत घातलेला वकीलच की! परंतु पुतण्याने एक भेद सांगितला व आमचे हसू थांबले. याच खेळात ‘वॉरलॉक’ नावाचा मांत्रिक असतो. तो एखाद्या अमानवी धन्याशी सौदा करून शक्ती मिळवितो. तेथे देणे आणि घेणे दोन्ही आहे. पॅलडिनाची शपथ एकतर्फी असते. समोरच्याने काय दिले, हे तो विचारीत नाही. कराराचा पॅलडिन हा म्हणून मोठा चमत्कारिक प्राणी आहे. तो राखण करतो दुतर्फी सौद्यांची. पण ज्या बळावर ती करतो, ते बळ मात्र सौद्याचे नव्हे.

त्यांच्या बैठकीत चाललेली कथा २०१९ साली निघालेल्या एका पुस्तकातली आहे. एल्टुरेल नावाच्या नगरीच्या अधिपतीने एका नरकस्वामिनीशी गुप्त करार केलेला असतो. प्रेतांच्या सैन्यापासून नगरीचे रक्षण करणारा दुसरा सूर्य तिने द्यावा आणि पन्नास वर्षांनी अख्खी नगरी, तिच्या रक्षणाची शपथ वाहिलेल्या वीरांसह, तिने घेऊन जावी. मुदत भरते व नगरी नरकात ओढली जाते. आता कराराच्या पॅलडिनाने करावे काय? कागद फाडावा तर स्वतःची शपथ मोडते. पाळावा तर निरपराध लोक बुडतात.

रविवारी जेवताना पुतण्याने विचारले, “काका, सही एकाने करायची आणि भोगायचे सगळ्यांनी, असा करार पाळायचा का?”

आम्हांस असल्या प्रश्नांची हौस. वरणभात निवत ठेवून आम्ही व्याख्यान झोडले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे दहावे कलम सांगितले, की कराराला पक्षांची मुक्त संमती हवी व उद्देश कायदेशीर हवा. बळजोरीने वा फसवणुकीने संमती घेतली असेल, तर फसलेल्या पक्षास करार रद्द करता येतो, हे एकोणिसावे कलमही सांगितले. ज्यांना विचारलेच नाही, त्यांस दुसऱ्याच्या सहीने नरकात कसे नेता येईल? वीरांनी शपथ वाहिली ती नगरी राखण्याची; नरकात चाकरी करण्याची नव्हे. तेव्हा तुझ्या योद्ध्याने तो करार खुशाल झुगारावा. करारावर खरी निष्ठा असेल, तर खोटा करार ओळखणे हे त्याचे पहिलेच काम.

पुतण्याने मान डोलावली. मग ताटातील भात चिवडीत तो म्हणाला, “आणि उलट असेल तर? कागद नाही, सही नाही, नुसता शब्द दिलेला. मागल्या खोलीतल्या आजींना आपल्या आजोबांनी दिला होता, तसा?”

येथे वाचकांस थोडी घरची हकीकत सांगणे भाग आहे. आमचा वाडा लवकरच पाडावयाचा आहे. इमारत बांधणाराशी होणाऱ्या कराराचा मसुदा तयार आहे आणि त्यात भाडेकरूंची यादी आहे. मागल्या चौकातील वृद्ध बाई त्या यादीत नाहीत. त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून आमच्या वडिलांनी त्यांच्याकडून भाडे घेतले नाही. “तुम्ही आहात तोवर ही खोली तुमची,” असे वडील आम्हां दोघां भावांसमक्ष म्हणाले होते. पावती नाही, म्हणून यादीत नाव नाही. आम्ही मसुदा दोनदा वाचला होता. नाव नसल्याचे आमच्या लक्षात आले नाही असे म्हणणे खोटे होईल. लक्षात आले होते, आणि आम्ही पान उलटले होते.

कायद्यास विचाराल, तर पंचविसावे कलम साफ सांगते की मोबदल्यावाचून केलेला करार, काही अपवाद सोडता, निरर्थक होय. आजींनी मोबदला काय दिला? काहीच नाही. पण बळीने वामनास तीन पावले भूमी दिली, तेव्हा तरी मोबदला कोठे होता? समोरचा कोण आहे, हे शुक्राचार्यांनी त्यास सांगितले होते. सौदा म्हणून पाहिले, तर गुरूंचा सल्ला बिनचूक होता. बळीने तो मानला नाही, कारण त्याने सौदा केलाच नव्हता, शब्द दिला होता. आणि आपण वर्षप्रतिवर्षी प्रतिपदेला आठवण काढतो ती बळीची, शुक्राचार्यांची नव्हे. त्या रविवारी आमच्या ध्यानात आले, की आमच्या घरच्या झारीत बसलेले शुक्राचार्य आम्हीच आहो.

धाकट्या बंधूंशी त्याच रात्री बोलणे झाले. ते म्हणाले, “दादा, वडिलांचा शब्द वडिलांबरोबर गेला.” आम्ही म्हणालो, “मग वाडाही त्यांच्याबरोबरच जावयास हवा होता. तो मात्र आपण ठेवून घेतला.” बंधू चिडले. खोलीची किंमत लहान नाही आणि त्यांच्या मुलीचे शिक्षण अजून व्हावयाचे आहे. त्यांचा राग आम्हांस अन्यायाचा वाटत नाही. दोन दिवस अबोला राहिला. अखेर आजींस नव्या इमारतीत हयातीपर्यंत एक खोली आणि बांधकाम चालू असेतो राहण्याचा खर्च, असे कलम घालावयाचे ठरले. भार आमच्या वाट्यातून निम्म्याहून अधिक जाईल. तेही रास्तच; पान उलटणारा हात आमचा होता.

कराराची महती आम्ही कमी लेखीत नाही. माणसे मरतात, विसरतात, बदलतात. म्हणून कागद हवा, आणि म्हणूनच आजींचे नाव आता कागदावर चढत आहे. परंतु ते नाव लिहावयास लावणारी गोष्ट कोणत्याही कलमात सापडत नाही.

आजींना यातले काही ठाऊक नाही. परवा त्यांनी पुतण्याच्या मंडळीसाठी वाटीभर बेसनाचे लाडू पाठविले आणि विचारले, की तुमच्या त्या खेळात नेमके जिंकते कोण? पुतण्या म्हणाला, “आजी, त्यात कोणी जिंकत नाही. फक्त आपण काय केले, ते सगळ्यांना कळते.”