कायदा विचारतो 'खेळासाठी का?', ग्राहक म्हणतो 'घरासाठी': अमेरिकेतल्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचा घोळ समजून घ्या

सायबर कॅफेत काऊंटर स्ट्राइक खेळला असाल, तर एक्सएम १०१४ आठवत असेल. पंप न ओढता धाडधाड चालणारी शॉटगन. ती गेमवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही. खरी बंदूक म्हणजे इटलीच्या बेनेली कंपनीची एम ४. अमेरिकी मरीन्सनी ती १९९९ मध्ये एम १०१४ या नावाने घेतली.

आज अमेरिकेत सामान्य माणूसही घराच्या रक्षणासाठी एम ४ विकत घेऊ शकतो. पण दुकानातली एम ४ आणि सैनिकाची एम ४ वर्षानुवर्षं तंतोतंत सारखी नव्हती. असं का?

आधी या बंदुकीत वेगळं काय, ते बघू.

पंप शॉटगनमध्ये प्रत्येक फैरीनंतर नळीखालची मूठ मागेपुढे ओढावी लागते. घाबरलेल्या माणसाने ती अर्धवटच ओढली, तर बंदूक अडकू शकते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूकच करते. एम ४ मध्ये काडतूस उडालं की तयार झालेला थोडा वायू दोन छोट्या पिस्टनना ढकलतो. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. ट्रिगर मात्र दर वेळी दाबावाच लागतो, म्हणून 'सेमी'. यात खांद्याला बसणारा धक्काही थोडा सौम्य होतो.

आणि 'टॅक्टिकल' म्हणजे? शिकारीच्या बंदुकीपेक्षा आखूड नळी (एम ४ ची साडेअठरा इंच), पिस्तुलासारखी मूठ, दुर्बीण किंवा टॉर्च बसवायची पट्टी, जास्त काडतुसं, लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता.

घोळ इथेच सुरू होतो. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक कायद्यानुसार, सामान्य लोकांसाठी आयात होणारी बंदूक शिकार किंवा नेमबाजीसारख्या खेळासाठी योग्य असावी लागते. जानेवारी २०११ मध्ये शस्त्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एटीएफ या सरकारी संस्थेने अहवाल काढून 'खेळाची नसलेली' वैशिष्ट्यं सांगितली. त्यात लांबी बदलणारा किंवा दुमडता येणारा दस्ता आणि ५ पेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन होतं. खेळाच्या याच अटीमुळे आयात झालेली एम ४ वर्षानुवर्षं ५ काडतुसांच्या मॅगझिनसह विकली गेली.

गंमत म्हणजे २००८ च्या हेलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा नागरिकाचा हक्क मानला. खटला पिस्तुलांचा होता, पण मुद्दा मोठा होता. म्हणजे ग्राहक बंदूक घेतो संरक्षणासाठी आणि आयातीचा नियम तिला तोलतो खेळाच्या काट्यावर. त्यात हा नियम आयातीपुरता. तसलीच बंदूक अमेरिकेतच अमेरिकी सुट्या भागांनी बनवली, तर ही अट लागत नाही. बंदुकांचे इतर नियम आणि त्या त्या राज्याचे नियम मात्र राहतातच.

इतर देशांनी मुळापासून वेगळा विचार केला. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या गोळीबारात ३५ जण गेले. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने सेमी-ऑटोमॅटिकच नाही, तर पंप शॉटगनवरही कडक बंधनं आणली. तिथे स्वसंरक्षण हे परवान्यासाठी कारणच धरत नाहीत. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चला ५१ जण मारले गेल्यावर न्यूझीलंडने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घातली. पण ५ काडतुसांपर्यंतचं, न निघणारं मॅगझिन असलेल्या शॉटगनला सूट दिली. तिथेही रेष मारली ती वैशिष्ट्यावरच.

राहिला खरा प्रश्न. या सगळ्याने घर सुरक्षित होतं का?

अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्याची आणि जिप्सम बोर्डाच्या भिंतींची असतात. शॉटगनचे मोठे छर्रे अशी भिंत भेदून पलीकडे जातात. आणि पलीकडे मुलांची खोली असू शकते. अंधारात दारात उभा आहे तो चोर की उशिरा घरी आलेला मुलगा, हे आखूड नळी किंवा हलका धक्का सांगत नाही. जी सोय दुसरी फैर पटकन झाडू देते, तीच चूकही पटकन करू देते.

म्हणून पुढच्या वेळी रीलमध्ये 'होम डिफेन्ससाठी बेस्ट शॉटगन' दिसली, तर वैशिष्ट्यांच्या यादीसोबत एवढं जरूर विचारा: भिंतीपलीकडे कोण आहे?